आउट दिलेला धर्मपिता

पुंता सार्दिनातली माणसं आन्सेल्मो बेर्रोआवर सोमवार ते शनिवार जीव टाकतात आणि रविवारी त्याचा जीव मागतात.

आठवडाभर तो न्हावी. किराणा दुकानाला लागून त्याची एक खुर्ची, एक आरसा आणि एक पंखा. पंख्याची मान एकाच बाजूला अडकलेली, म्हणून वारा हवा असेल तर गिऱ्हाइकाने खुर्ची फिरवून घ्यायची. रविवारी मात्र हाच माणूस निळा सदरा घालून आमच्या बेसबॉलच्या मैदानावर अंपायर म्हणून उभा राहतो. रविवारी ज्याला त्याने आउट दिलेलं असतं, तोच सोमवारी त्याच्या खुर्चीत गळा उघडा टाकून बसतो. गावात दुसरा न्हावी नाही, करणार काय?

"काल मला कशाबद्दल रे आउट दिलंस?"

"मान सरळ."

"चेंडू माझ्या गुडघ्याच्या खालून गेला होता, आन्सेल्मो!"

"हनुवटी वर. हलू नकोस, मिशी जाईल."

"ऐका हो, ऐका! धमकी देतोय!"

"धमकी कसली? मिशीचं भविष्य सांगतोय."

अंपायर होण्याआधी तो आमच्या गावच्या 'खेकडे' संघातून एक हंगाम खेळला. चेंडू त्याला कधी सापडला नाही. तो मात्र चेंडूला बरोबर सापडायचा. कपाळावर सापडला, नडगीवर सापडला, एकदा तर जांभई देताना सापडला. त्या वेळचा अंपायर लिबोरिओ म्हातारा होता पण वाया गेलेला नव्हता. एका रविवारी सातव्या डावात तो "आलोच हं, जरा आडोशाला जाऊन" असं सांगून गेला, तो थेट आरोयो मान्सोच्या एका विधवेबरोबर राजधानीला पोचला. मैदानावर अठरा खेळाडू अन् अंपायर नाही. शेवटी कोणीतरी ओरडलं, "त्या आन्सेल्मोला उभा करा! नाहीतरी तो खेळतो कुठे?"

कपाळावर टेंगूळ घेऊन तो उभा राहिला. पहिलाच निर्णय त्याने अशा आवाजात दिला की बंदरातल्या होडीतली माणसं उठून बसली. त्या दिवशी गावाला अंपायर मिळाला आणि खेकड्यांना एक बरा खेळाडू घेता आला. दोघांचं भलं झालं.

काम त्याने मनावर घेतलं. दुकानातल्या आरशासमोर हातवाऱ्यांचा सराव चालायचा. तोंडाला फेस फासलेलं गिऱ्हाईक बसलेलं, आणि मागे हा वस्तरा परजून "आउट!" करतोय. 'आउट'ची मूठ त्याने तीन प्रकारांनी बसवली. एक रोजची, एक मोठ्या सामन्याची आणि एक खास सासरच्या माणसांसाठी. घरच्या संघाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, याची त्याला इतकी धास्ती की आमच्याच पोरांना तो जास्त झोडायचा. पाहुणे संघ आमच्या गावी खेळायला हसत यायचे.

त्याच्या जुन्या निर्णयांवर अजून भांडणं होतात. डाव्या कोपऱ्यातल्या बकरीने चेंडू तोंडात धरला होता, तेव्हा सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो म्हणाला, "बकरी मैदानाचा भाग आहे. ती चेंडू सोडेपर्यंत पळा." बकरीने चेंडू गिळायचा प्रयत्न चालवला आणि पाहुण्यांनी चार धावा काढल्या. पुढे एकदा सामना चालू असताना माता मरियमची मिरवणूक मैदानाच्या कडेने निघाली आणि उंच उडालेला चेंडू सरळ पालखीतल्या फुलांत जाऊन बसला. आन्सेल्मोने आधी टोपी काढली, क्रूस केला आणि मग मूठ उगारली, "झेल! आउट!" फलंदाज रडकुंडीला आला, पण मातेने झेल सोडला असं म्हणायची छाती कोणाची? आणि संध्याकाळी वीज गेली तेव्हाची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. अंधारात आमचा मैदानाच्या कडेचा गडी ओरडला, "पकडला! पकडला!" दिवे आले. आन्सेल्मो शांतपणे त्याच्याकडे चालत गेला, चेंडू हातात घेतला, नाकाला लावला आणि म्हणाला, "गटाराचा वास येतोय. झेल नाही."

तो नेहमी सांगायचा, "अंपायरला दिसलं नाही असं होत नाही. दिसलं नाही म्हणणारा माणूस अंपायर नसतो, प्रेक्षक असतो. त्याने तिकीट काढावं."

त्याची बायको फ्रेदेस्विंदा. रविवारी पहिल्या बेसच्या मागे तिची शेगडी असते. कणीक थापायची, उकळत्या तेलात सोडायची, फुगलेली कुरकुरीत यानिकेके कागदात गुंडाळून द्यायची. तिचे हात एवढे जोरकस की पोळपाटावर कणीक आपटली की तिसऱ्या बेसवरचा कुत्रा दचकायचा. दोघांना मूल झालं तेही फार उशिरा, आन्सेल्मो स्वतःचेच पांढरे केस आरशात बघून कापायला लागल्यावर. मुलगी. यानेलिस. गावाने तीन दिवस ढोल वाजवले आणि ज्यांचे आउट अजून खुपत होते तेही नाचले.

धर्मपिता कोण, हा प्रश्नच नव्हता. तिबुर्सिओ. होडीवाला, आन्सेल्मोचा लहानपणापासूनचा दोस्त, खेकड्यांचा सगळ्यात जबर फलंदाज, आणि अंपायरवर ओरडण्यात आमच्या किनाऱ्यावर त्याचा हात धरणारा कोणी नाही. दर रविवारी दोघं एकमेकांच्या नाकाला नाक लावून भांडत आणि दर रविवारी फ्रेदेस्विंदाला वाटे, आज यांच्यात काहीतरी तुटणार.

म्हणूनच तिने धर्मपिता म्हणून त्याला धरलं होतं. आमच्याकडे ज्याने तुमचं मूल बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलं, तो तुमचा कोंपाद्रे. कोंपाद्रेवर आवाज चढवायचा नाही. त्याला अरेतुरे करायचं नाही, लहानपणी एकाच लंगोटावर पोहला असलात तरी. कोंपाद्रे भांडले की समुद्राला कळतं आणि जाळं रिकामं येतं, असं आमचे होडीवाले मानतात. तिबुर्सिओ होडीवाला होता.

"म्हणजे मी त्याच्यावर ओरडायचं नाही?" त्याने विचारलं होतं. फ्रेदेस्विंदा तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती.

"नाही."

"सामन्यातसुद्धा?"

"सामना काय चंद्रावर असतो?"

"चेंडू गुडघ्याखालून गेलेला असताना त्याने स्ट्राइक दिला तरी?"

"तरी म्हणायचं, कोंपाद्रे, आपली इच्छा."

तिबुर्सिओने आधी समुद्राकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं. धरतो पोर. पण बाप्तिस्मा अंतिम सामना झाल्यावर ठेवा."

अंतिम सामना होता आरोयो मान्सोच्या 'गांधीलमाश्या' संघाशी. बाप्तिस्मा ठरला त्याच्या पुढच्या रविवारी.

शेवटचा डाव. आम्ही एका धावेने मागे. आमचा एक गडी तिसऱ्या बेसवर, दोन जण आउट, आणि बॅट घेऊन तिबुर्सिओ. बायका जपमाळा घेऊन उभ्या होत्या, पुरुष टोप्या चावत होते. त्याने असा काही फटका मारायचा घाट घातला की चेंडू पार नारळीपलीकडे जाणार होता. चेंडूला मात्र बॅटची नुसती कड लागली आणि तो जमिनीवरून लुटुलुटु चालायला लागला. गांधीलमाश्यांच्या माणसाच्या हातून तो उचलताना दोनदा निसटला. तिबुर्सिओ धावत सुटला. धावत म्हणजे, भरलेली होडी वाळूवरून ओढत न्यावी तसा. पहिल्या बेसवर गांधीलमाश्यांचा ओविदिओ ग्लोव्ह पुढे करून उभा. चेंडू निघाला, तिबुर्सिओने पोटावर झेप घेतली, धुळीचा ढग उठला.

अशा वेळी अंपायरला डोळे दोन पण कामं तीन असतात, म्हणून जाणते अंपायर कानाची मदत घेतात. नजर बेसवर, कान ग्लोव्हकडे. चेंडू ग्लोव्हात बसल्याचा 'थप्प' आधी ऐकू आला आणि पाय नंतर टेकला, की आउट. आन्सेल्मोची नजर बेसवर होती. कान उघडे होते.

थप्प!

आणि मग तिबुर्सिओचा हात बेसवर.

आन्सेल्मोने मूठ उगारली, मोठ्या सामन्याची, आणि बंदरापर्यंत ऐकू गेलं, "आउट!"

शेगडीमागे फ्रेदेस्विंदा दगडासारखी उभी होती. पोळपाटावर नुकतीच आपटलेली कणीक होती, आणि तिचे दोन्ही हात अजून तिच्यातच रुतलेले होते.

पुढचं सांगण्यासारखं नाही. म्हणजे आहे, पण बाप्तिस्म्याच्या गोष्टीत तसले शब्द बसत नाहीत. खरं तर तिबुर्सिओ सेफ असता तर नुसती बरोबरी झाली असती. पण बरोबरीनंतर आम्हीच जिंकलो असतो, याबद्दल गावात दुमत नव्हतं. चषक गांधीलमाश्या घेऊन गेल्या. त्या रात्री गावातल्या लोकांनी आन्सेल्मोच्या घरावर दगड मारले नाहीत, कारण घरात तान्ही पोर होती. त्यांनी घरासमोर उभं राहून हळू आवाजात शिव्या दिल्या.

सोमवारी सकाळी तिबुर्सिओ दुकानात आला आणि खुर्चीत बसला. आन्सेल्मोने फेस लावला. दाराशी लोक गोळा झाले. अर्धी दाढी होईपर्यंत नुसता वस्तऱ्याचा आवाज.

"आन्सेल्मो."

"मान सरळ."

"मी सेफ होतो."

"आउट होतास."

"माझा हात आधी पोचला. माझ्या हाताला कळतं."

"माझ्या कानाला कळतं."

"म्हणजे कानाने बघतोस? वा! मग डोळ्यांनी काय करतोस, खातोस?"

"गाल इकडे कर."

तिबुर्सिओने त्याच्या हातातला टॉवेल हिसकून घेतला. उजवा गाल तुकतुकीत, डावीकडे फेस आणि दाढी. तो उभा राहिला आणि दारातल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ऐक. तू सगळ्यांसमोर म्हण, तिबो सेफ होता. तरच मी येत्या रविवारी तुझी पोर पाण्यावर धरीन. नाहीतर दुसरा शोध."

"निर्णय फिरत नाही, तिबो."

"मग मीही फिरत नाही."

तो निघाला. आन्सेल्मो मागून ओरडला, "अरे निदान दाढी तरी पुरी करू दे!"

"राहू दे अशीच! गावाला दिसू दे तुझं काम अर्धवट असतं ते!"

तो आठवडा तिबुर्सिओ तसाच हिंडला. उजवीकडून भेटला तर सभ्य गृहस्थ, डावीकडून भेटला तर समुद्री चाचा. पोरं त्याच्याभोवती गोल गोल फिरून बघायची.

इकडे आन्सेल्मोने निर्णय फिरवावा म्हणून गावाने रांग लावली, आणि तिथेच घोटाळा झाला. कारण रांगेतला प्रत्येक जण आपापला जुना निर्णय घेऊन आला होता. बकरीवाले आले. गटारातल्या झेलाचा गडी आला. पालखीवाला तर नवी टोपी घालून आला. "तिबोचा फिरवणार असशील तर माझाही फिरव! मातेने तो झेल दोन टप्प्यांत घेतला होता!"

"बघितलंस?" आन्सेल्मो रात्रीच्या जेवणावर बायकोला म्हणाला. "एक वीट काढली की अख्खी भिंत अंगावर. आता बकरीलासुद्धा साक्षीला आणतील."

फ्रेदेस्विंदाने त्याच्यापुढे उकडलेल्या कच्च्या केळ्याचा लगदा आणि तळलेला मासा ठेवला. पण हात ताटावरून काढला नाही.

"चेमो, मला काहीतरी सांगायचंय."

"सांग."

"तू जो आवाज ऐकलास ना. तो माझा होता."

"कसला तुझा?"

"कणकेचा. मी त्याच क्षणी कणीक आपटली. ग्लोव्हचा आवाज त्याच्यानंतर आला. तिबो त्या दोन्हींच्या मधे पोचला."

आन्सेल्मोचा घास हातातच राहिला. बाहेर शेजाऱ्यांचा रेडिओ कोणीतरी बाद झाल्याची बातमी देत होता.

"मला एकच थप्प ऐकू आला," तो म्हणाला.

"कारण दुसरा यायच्या आत तू बोंबललास!"

"तुला त्याच क्षणी कणीक थापायची होती?"

"गिऱ्हाईक उभं होतं! त्याला काय सांगू, थांबा, माझा नवरा कान लावून बसलाय?"

"फ्रेदे," तो हळूच म्हणाला, "हे कोणाला सांगू नकोस. अंपायर चुकला तर लोक शिव्या देतात, ते सोसता येतं. पण अंपायरने यानिकेकेवर आउट दिला हे कळलं, तर लोक हसतील. माझी पोरगी मोठी होईल तेव्हासुद्धा हसत असतील."

"आणि तुझ्या पोरीला धर्मपिता नसेल, ते चालेल?"

त्याने मासा खाल्ला, काट्यांसकट.

दुसऱ्या दिवशी फ्रेदेस्विंदा बंदरावर गेली. तिबुर्सिओ जाळं शिवत बसला होता, दाढीची बाजू रस्त्याकडे करून. तिने त्याला कणकेची सगळी हकिगत सांगितली. "राग काढायचा तर माझ्यावर काढ," ती म्हणाली.

तिबुर्सिओ हसला, मग रडवेला झाला, मग पुन्हा हसला. "तुझ्यावर कसा काढू? तुझी यानिकेके खाऊन तर मी इतका जड झालोय, नाहीतर आधीच पोचलो असतो. मी कोणाला सांगणार नाही. पण फ्रेदे, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. त्याने म्हणावं, तिबो, चुकलं. एवढंच."

"तो मेला तरी म्हणणार नाही."

"मग मी मेलो तरी येणार नाही."

"बरं," फ्रेदेस्विंदा उठली आणि लुगड्याचा पदर असता तर तिने झटकला असता, तसा ॲप्रन झटकला. "मग मी ओविदिओला सांगते."

"कुठला ओविदिओ?"

"माझा मामेभाऊ. आरोयो मान्सोचा."

तिबुर्सिओच्या हातातली सुई थांबली. "पहिल्या बेसवरचा? त्या दिवशीचा? तो गांधीलमाशी माझ्या यानेलिसला धरणार?"

"त्याचे हात पक्के आहेत. तूच बघितलंस."

ती वळून चालायला लागली. मागून समुद्र घाबरेल असा आवाज आला, पण तिने मागे बघितलं नाही. घरी येऊन तिने खरोखरच ओविदिओला निरोप धाडला. ओविदिओला एवढा मान आयुष्यात कोणी दिला नव्हता. त्याने नवा पिवळा सदरा शिवून घेतला.

रविवारी चर्च खचाखच भरलं. एरवी बाप्तिस्म्याला घरची माणसं येतात. त्या दिवशी अख्खं गाव आलं होतं, शिवाय आरोयो मान्सोहून ट्रक भरून गांधीलमाश्या. दोन्हीकडचे लोक मैदानावर बसतात तसे दोन बाजूंना बसले. पाद्री नेमेसिओला दुपारपर्यंत आणखी दोन गावं करायची होती, आणि त्यात मध्येच रेडिओवर सामना होता.

"धर्मपिता कोण?" त्याने विचारलं.

ओविदिओ पिवळा सदरा चमकवत पुढे झाला. खेकड्यांच्या बाजूने एक लांब "हूऽऽ" झाला.

"हे चर्च आहे!" पाद्री गरजला. 'हूऽऽ' बंद झाला आणि खोकल्यात बदलला.

फ्रेदेस्विंदा दाराकडे बघत होती. "पाद्रे, अजून थोडा वेळ..."

"मुली, तुझ्या थोड्या वेळात दुसऱ्या गावची पोरं मोठी होऊन लग्नाला येतील."

तिबुर्सिओ कुठे होता? तो पहाटेच उठला होता. ओविदिओचं नाव ऐकल्यापासून त्याला झोप नव्हती. जायचं, असं त्याने ठरवलं. पण देवासमोर अर्ध्या दाढीने कसं जायचं? आणि आन्सेल्मोच्या दुकानाला कुलूप. म्हणून तो मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून आरोयो मान्सोच्या न्हाव्याकडे गेला. तो न्हावी कट्टर गांधीलमाशी. त्याने ओळखलं, हे गिऱ्हाईक कुठे निघालंय ते. त्याने वस्तऱ्याला एवढ्या प्रेमाने धार लावली, एवढ्या सावकाश फेस केला, आणि मध्येच कॉफी प्यायला गेला.

चर्चमध्ये ओविदिओने यानेलिसला हातात घेतलं. खरं सांगायचं तर छान घेतलं. आन्सेल्मोने डोळे मिटले. पाद्रीने शिंपल्यात पाणी घेतलं.

बाहेर मोटारसायकलचा आवाज आला, मग ब्रेकचा, मग कोंबड्यांचा.

"यानेलिस, मी तुला बाप्तिस्मा देतो, पित्याच्या..."

दार धाडकन उघडलं. मधल्या वाटेवरून तिबुर्सिओ धावत आला. भरलेली होडी, पण या वेळी उतारावरची. सणासाठी बायकांनी फरशीला मेण लावलं होतं, हे त्याला चौथ्या पावलाला कळलं. पाय वर गेले आणि तो पाठीवर घसरत, हात पुढे करून, बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडापर्यंत आला. त्याचा हात कुंडाला लागला. त्याच क्षणी शिंपल्यातलं पाणी यानेलिसच्या डोक्यावर पडलं.

आणि मग अख्खं चर्च, खेकडे आणि गांधीलमाश्या, पाद्रीसुद्धा, आन्सेल्मोकडे वळलं.

आन्सेल्मोने डोळे उघडले. सगळे आपल्याकडे बघताहेत. त्याची मूठ आपोआप छातीपर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"मला..." तो म्हणाला. घाम पुसला. "मला दिसलं नाही."

मागच्या बाकावरची एक म्हातारी मटकन खाली बसली.

"काय म्हणालास?" तिबुर्सिओने फरशीवरूनच विचारलं.

"दिसलं नाही, तिबो. मी डोळे मिटले होते. देवाला म्हणत होतो, तिबोला पाठव."

"आउट!" ओविदिओ ओरडला. "मी इथेच उभा आहे! पाणी आधी पडलं!"

"सेफ!" खेकड्यांची बाजू उठून उभी राहिली. "आधी हात लागला!"

"आउट!"

"अरे आंधळ्यांनो, सेफ!"

"गप्प बसा सगळे!" हा आवाज तिबुर्सिओचा होता. तो उठून बसला. दोन्ही गाल तुकतुकीत, पँट फाटलेली. "मी सांगतो. मी खालून बघत होतो. पाणी आधी पडलं." त्याने फाटलेली पँट सावरली. "मी आउट आहे."

आमच्या गावच्या इतिहासात तिबुर्सिओ कधी आउट झाल्याचं तिबुर्सिओने मान्य केलेलं नव्हतं. आन्सेल्मोने मूठ सोडली. मग दोन पावलं पुढे आला, खाली वाकला आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं काहीतरी म्हणाला. आम्ही पहिल्या बाकावर होतो म्हणून थोडं ऐकू आलं. 'कणीक' हा शब्द नक्की होता. आणि शेवटी, "चुकलं."

तिबुर्सिओने त्याचा हात एवढा घट्ट दाबला की दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवावं लागलं.

"पण आता उशीर झाला," तो म्हणाला. "पाणी पडलं."

"एकदा पडलं," पाद्री नेमेसिओ म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"बाप्तिस्म्याचं पाणी तीनदा ओततात. पित्याच्या, पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. इतकी वर्षं चर्चमध्ये येता, लक्ष कुठे असतं तुमचं? पहिला झालाय. दोन शिल्लक आहेत." त्याने शिंपला पुन्हा भरला. "बेसबॉलमध्येही पहिल्या स्ट्राइकला कोणी बाद होत नाही, तिसऱ्याला होतो. ऊठ, तिबुर्सिओ, हात पुस."

खेकड्यांच्या बाजूने जो जल्लोष झाला तो थांबवायला पाद्रीला घंटा वाजवावी लागली.

"आणि मी?" ओविदिओ रडवेला. "मी सदरा शिवलाय!"

"तू पहिला तिच्याबरोबर उभा राहिलास. तिथेच उभा राहा. एका पोरीला दोन दोन राखणदार झाले तर देव काही तक्रार करणार नाही. पण आता दे तिला इकडे."

ओविदिओने यानेलिसला पुढे केलं.

"फेकू नकोस!" आन्सेल्मो, फ्रेदेस्विंदा आणि दोन्ही संघ एकदम ओरडले.

तिबुर्सिओने तिला घेतलं. पाणी पडलं, पुन्हा पडलं. यानेलिस आता कुठे जागी झाली आणि तिने बापाचा आवाज काढला. बंदरापर्यंत गेला असणार.

त्यानंतर बोकडाचं मटण, रम आणि ढोल झाला, गांधीलमाश्या ट्रक सोडून पहाटेपर्यंत नाचल्या, ते सगळं खरं. पण लोक वाट बघत होते ती नव्या हंगामाच्या पहिल्या रविवारची. आता दोघं कोंपाद्रे झाले होते. आता तिबुर्सिओ काय करणार? यापूर्वी कधी आली नव्हती एवढी गर्दी जमली.

दुसऱ्याच डावात तिबुर्सिओच्या बॅटखालून चेंडू गेला. खाली होता, अगदी घोट्याजवळ, मैदानाबाहेरच्या गाढवालाही दिसलं असेल. "स्ट्राइक तीन! आउट!"

मैदान श्वास रोखून बसलं. तिबुर्सिओचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. मानेच्या शिरा फुगल्या. त्याने हेल्मेट काढलं, काखेत धरलं आणि सावकाश आन्सेल्मोसमोर येऊन उभा राहिला.

"कोंपाद्रे," तो म्हणाला. आवाज कसाबसा येत होता. "घरी सगळे खुशाल?"

"आपल्या कृपेने, कोंपाद्रे."

"वहिनींची तब्येत?"

"ठणठणीत."

"यानेलिस?"

"दात येताहेत."

"आणि आपले... डोळे?"

"उत्तम आहेत, कोंपाद्रे. आपण विचारलंत, बरं वाटलं."

"देव त्यांना..." तिबुर्सिओने डोळे मिटले, दहा वेळा श्वास घेतला. समुद्राकडे बघितलं. जाळ्याचा विचार केला. "देव त्यांना असंच ठेवो."

"आपलेही असेच राहोत."

त्याने मान झुकवली, शांतपणे चालत आपल्या बाकापाशी गेला, हेल्मेट नीट ठेवलं, आणि शेजारच्या पाण्याच्या बादलीला अशी लाथ मारली की ती तिसऱ्या बेसवर जाऊन पडली. बादली कोणाचीच कोंपाद्रे नव्हती.